नऊ म्हाताऱ्या आणि एक सून

एक मार्चला सकाळी आठच्या आत झमफिराच्या स्वयंपाकघरात अख्खा देश येऊन बसला होता, आणि गॅसवर दूध उतू जात होतं.

पहिला फोन मुलाचा, तिबेरियूचा. तो कोन्स्तान्त्साच्या बंदरात क्रेन चालवतो. "आई, काल धुक्यानं समुद्र दिसत नव्हता, आज वाऱ्यानं उभं राहता येत नाही. क्रेन बंद. तिकडं काय?" ती सांगणार तोच दुसरा फोन वाजू लागला. ही नणंद, वेता, डोंगरातल्या तोप्लित्साहून. "वहिनी, उणे चौदा. कोंबड्यांचं पाणी कुऱ्हाडीनं फोडलं. तुमच्याकडं काय?" वेताला तिथल्या थंडीचा इतका अभिमान, जणू ती तिनं घरी विणली होती. मग टिमिशोआराहून लेक, इलिंका. तिला नववा महिना लागलेला. "आई, इथं लोक चौकात आइस्क्रीम खातायत. जर्दाळू फुलायला आलाय. तू कधी येतेस?"

"दहाला," झमफिरा म्हणाली. "तिकीट काढलंय."

"कोण जाणार दहाला?"

हा आवाज सासूचा. तिंका, वय त्र्याऐंशी. ऑक्टोबरात ती भिंतीतल्या मोठ्या चुलीला पाठ लावते, ती मे महिन्यात काढते. अंगावर एकावर एक लोकरी कपडे, सगळ्यांच्या वर मेंढीच्या कातड्याचा कोट, आणि त्या ढिगातून फक्त नाक आणि मतं बाहेर.

"म्हाताऱ्या संपल्याशिवाय या घरातून कुणी कुठं जात नाही," ती म्हणाली.

"म्हाताऱ्या नऊला संपतात, आई. मी दहाला निघते."

"नऊनंतर म्हातारे असतात."

"आणि म्हाताऱ्यांनंतर?"

"कोकरांचा बर्फ. मग करकोच्यांचा बर्फ."

"मग जून येतो, आणि तुम्ही म्हणता, उन्हात जाऊ नको." झमफिरानं उतू गेलेलं दूध पुसलं. फोन अजून चालू होता आणि इलिंका तिकडं हसत होती. हसायला काय जातं, ती सहाशे किलोमीटर लांब होती.

मार्चचे पहिले नऊ दिवस म्हाताऱ्यांचे, हे सगळ्या रोमानियात चालतं. फेब्रुवारी सरायच्या आत प्रत्येकानं आपली एक म्हातारी, म्हणजे आपला एक दिवस, बोलून ठेवायचा. त्या दिवशी जसं आभाळ, तसं त्याचं वर्ष. इतर घरांत ही गंमत असते. लोक दिवस निवडतात, हसतात, विसरतात. या घरात ते विसरत नसत. एकोणतीस वर्षांपूर्वी झमफिरा नवी सून म्हणून आली, दोब्रोजातल्या सपाट, वाऱ्याच्या मुलखातून डॅन्यूब नदी ओलांडून. तिनं हौसेनं चार तारीख निवडली. चारला असं हिमवादळ झालं की डुकरांपर्यंत जायला दोरी बांधावी लागली. तेव्हापासून विहिरीचा दोर तुटला तरी तिंका म्हणायची, "हिची चार तारीख." पुढं किती वर्षं चारला लखलखीत ऊन पडलं, त्याची कुठं नोंद नाही.

यंदा झमफिरानं दिवसच घेतला नव्हता.

"मग तुला वर्षच नाही," तिंका म्हणाली होती.

"नसू दे. मला महिना पुरे."

तो महिना तिला का हवा होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. इलिंकाचा जन्मही मार्चचाच, सहा तारखेचा, सत्तावीस वर्षांपूर्वी. लेकीचं पहिलं बाळंतपण म्हणून झमफिराची आई दोब्रोजाहून यायला निघाली होती. पिशवी भरली होती, सुकवलेले मासे आणि बाळाच्या लंगोटांसाठी जुनी मऊ चादर त्यात होती. निघण्याआधी तिनं गावच्या पोस्टातून फोन केला आणि इकडच्या पोस्टात तो तिंकानं घेतला. तिंका म्हणाली, "येऊ नका. बर्फ गेटपर्यंत आलाय. नदीवरची फेरीबोट बंद, रस्ते बंद, आठवडाभर काही हलत नाही." बर्फ पडला होता खरा, सकाळी. दुपारी जेवणापर्यंत तो अंगणात चिखल होऊन पडला होता. झमफिरा खिडकीजवळच्या खाटेवर होती. तिला अंगण दिसत होतं. चिखलात बदकं चालत होती. आई आली नाही. पुढच्या हिवाळ्यात आई गेली, आणि झमफिरा त्या सुकवलेल्या माशांचा विचार पुष्कळ वर्षं करत राहिली.

तेव्हा आभाळातून काहीही पडो, इलिंकाच्या वेळी ती इलिंकाजवळ असणार होती. अठराला तारीख दिली होती. डॉक्टर म्हणाली होती, आधीही होईल.

मध्ये आडवी होती ती द्राक्षं.

घरामागच्या उतारावर सोळा ओळी. व्रांचाच्या या टेकड्यांवर द्राक्षवेल हिवाळ्यात मातीखाली निजवतात. नोव्हेंबरात काड्या वाकवून वर मातीचा वरंबा चढवायचा, मार्चात तो उतरवायचा, मग छाटायचं, बांधायचं. दोघांना पाच दिवस लागतात. पण गेल्या सप्टेंबरात नवरा, नेकुलाय, पिंप उचलायला गेला आणि त्याचा उजवा खांदा निखळला. तेव्हापासून तो कात्री धरू शकत होता, फावडं नाही. आणि मार्चात गावात मजूर मिळत नाही, कारण ज्याला त्याला आपापली द्राक्षं असतात.

हिशोब सोपा होता. नऊपर्यंत थांबायचं तर काम चौदाला संपणार आणि तिकीट दहाचं. झमफिरानं दोन तारखेला रात्री जेवताना सांगून टाकलं, "उद्यापासून माती काढायची."

नेकुलायनं ममलीगाचा, मक्याच्या घट्ट लापशीचा, गोळा ताटात चेपला. त्याचं लग्न झाल्यापासून एक धोरण होतं. दोन बायका बोलायला लागल्या की तो जेवत असे. एक मार्चला नवऱ्यानं बायकोला लाल-पांढरा गोंडा आणून द्यायचा असतो, तो वसंताचा म्हणून ती महिनाभर छातीला लावते. नेकुलाय दरवर्षी तोच गोंडा टेबलाच्या खणातून काढून द्यायचा आणि एप्रिलात गुपचूप परत ठेवायचा. त्यातल्या लालचा आता गुलाबी झाला होता.

"तू काही बोलणार आहेस?" झमफिरानं विचारलं.

"हवा तर चांगली आहे," तो म्हणाला.

"बघा. चांगली आहे," झमफिरा सासूला म्हणाली.

"दोकियाही हेच म्हणाली होती," सासू म्हणाली.

ही दोकिया म्हणजे पहिली म्हातारी, जिच्यावरून या दिवसांना नाव पडलं. तिची गोष्ट सगळ्यांना येते, पण या घरात ती दोन प्रकारांनी येत असे. तिंकाच्या गोष्टीत सून भर फेब्रुवारीत कुठून तरी फूल घेऊन आली. बिचाऱ्या दोकियाला वाटलं, वसंत आला. ती नऊ कोट घालून मेंढ्या घेऊन डोंगरावर निघाली, रोज ऊन पडलं की एक कोट टाकत गेली, शेवटचा टाकला त्या रात्री गारठून मेली. सुनेनं मारलं. झमफिराच्या गोष्टीत सून नदीवर होती, कारण दोकियानं तिला काळी लोकर धुऊन पांढरी कर म्हणून बर्फाच्या पाण्यात धाडलं होतं. काळी लोकर, पांढरी. ती पोर हात रक्ताळेपर्यंत धूत बसली आणि देवाला दया आली म्हणून त्यानं फूल दिलं.

"लोकरीचं माझ्या ऐकण्यात नाही," तिंका म्हणायची.

"असणारच नाही," झमफिरा म्हणायची.

तीन तारखेला ऊन असं पडलं की झमफिरानं स्वेटर काढून खांबाला टांगला. फावड्याखाली माती भुसभुशीत निघत होती, आतून काड्या ओलसर, तपकिरी वर येत होत्या. नेकुलाय मागून छाटत, बांधत होता. तिंका कुंपणापर्यंत आली, एवढ्या वर्षांत मार्चात पहिल्यांदाच. तिनं एक काडी घेऊन तिच्यावरचे कोंब अंगठ्यानं चाचपले.

"डोळे फुगलेत," ती म्हणाली.

"फुगणारच, ऊब आहे."

"फुगलेला डोळा थंडी सोसत नाही. निजलेला सोसतो."

"आई, टीव्हीवर आठवडाभर पंधरा दाखवतायत."

"टीव्ही बुखारेस्टमध्ये असतो," तिंका म्हणाली आणि आत गेली.

चारला ऊन. पाचला ऊन. सहाला इलिंकाच्या वाढदिवसाचा फोन झाला, तिकडं बावीस. सातच्या सकाळपर्यंत तेरा ओळी मोकळ्या झाल्या होत्या. झमफिराची कंबर मोडली होती, पण ती मनातल्या मनात पिशवी भरत होती. अकराच्या सुमारास शेजारच्या अंगणातला धूर, जो सरळ वर जात होता, तो एकदम आडवा झाला आणि त्यांच्या अंगणात शिरला. ईशान्येचा वारा. त्याला क्रिवत्स म्हणतात आणि त्याचं नाव काढलं की इथले लोक खिडकीकडं बघतात.

अर्ध्या तासात तिन्ही फोन वाजले. तिबेरियूकडं लाटा धक्क्यावर. वेताकडं उणे अठरा, "वहिनी, विक्रम आहे." इलिंकाकडं ऊन. आणि टीव्हीवर, जो बुखारेस्टमध्ये असतो, एक मुलगी झुळझुळीत कपड्यांत हसत सांगत होती की आज रात्री मोल्दोवाच्या दक्षिण भागात, म्हणजे इथंच, पारा उणे बारापर्यंत उतरेल.

"तेरा ओळी," नेकुलाय म्हणाला.

"मला मोजता येतात," झमफिरा म्हणाली.

पाच दिवस जे केलं ते उलटं करायला एक दुपार होती. बांधलेल्या काड्या सोडायच्या, मोडू न देता वाकवायच्या, वर माती ओढायची. नेकुलायनं डाव्या हातानं फावडं धरलं आणि दुसऱ्या ओळीला शिव्या देणं थांबवलं, कारण धाप लागून तोंड सुकलं. कोठारातला सगळा पेंढा आणला. तो वाऱ्यानं शेजाऱ्याकडं नेला, मग परत आणून वर दगड ठेवले. शेजारी कुंपणापलीकडून म्हणाला, "घाई केलीत, झमफिरा." ती म्हणाली, "मदत करायला आलास का?" तो म्हणाला, "नाही, बघायला." उन्हं उतरली तेव्हा अकरा ओळी झाकल्या होत्या. दोन उरल्या होत्या, माती कडक होत चालली होती आणि तिचे हात उघडत नव्हते.

मागचं दार वाजलं. तिंका पायरीवर उभी होती.

"पेटी उघडलीय. कपडे काढ," ती म्हणाली.

"कसले कपडे?"

"माझे. त्याच्या बापाचे. सगळे. वेलींवर घाल, वर दगड ठेव. एका रात्रीचा प्रश्न आहे."

सासूच्या पेटीला एकोणतीस वर्षांत कुणी हात लावला नव्हता. त्यातून सासऱ्याचा सैन्यातला लांब कोट निघाला, लोकरी शाली, पट्टू, फाटक्या अस्तरांची जाकिटं, लग्नातला काळा झगा, कोणाकोणाच्या मापाचे स्वेटर. झमफिरा ते मिठ्या भरभरून नेत होती, काड्या जमिनीशी दाबून त्यांच्यावर अंथरत होती. सासऱ्याच्या कोटाखाली चार वेली मावल्या. शेवटी ओळीच्या टोकाला एक वेल उरली आणि पेटी रिकामी झाली.

तिंकानं अंगावरचा कातडी कोट उतरवला आणि पुढं केला. "ती टोकाची मी लावलीय. नेकुलाय पोटात होता तेव्हा."

"तुम्ही गारठून मराल."

"मी काय दोकिया आहे? मी आत जाते," तिंका म्हणाली आणि आत गेली.

रात्री उणे तेरा झालं. आठला सकाळी उतारावर त्या दोन ओळींवरचे कपडे पाहून गावातली माणसं थांबत होती. झाकलेल्या वेली वाचल्या; दुपारी माती सैल झाल्यावर कपडे उचलून त्या दोन ओळीही मातीखाली गेल्या. पेंढा उडालेल्या ठिकाणी पाच वेलींचे डोळे काळे पडले. तिंकानं त्या पाच स्वतः जाऊन मोजल्या, दोनदा. ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. आठ मार्च, बायकांचा दिवस. नेकुलायनं बायकोला एक फूल दिलं, ते कुंपणाशी आलेलं पांढरं रानफूल होतं. तिंकानं फुलाकडं पाहिलं आणि सुनेकडं पाहिलं. झमफिरानं ते उचलून सांडपाण्याच्या बादलीजवळच्या भांड्यात ठेवलं.

नऊला चाळीस हुतात्म्यांचा सण. झमफिरानं आठाच्या आकाराचे गोड पाव भाजले, वर मध आणि अक्रोड. इलिंकाची सासू तिकडं काही करतच नाही, आणि तिबेरियूची घरमालकीण ते पाण्यात उकडते, हेही फोनवर ऐकून झालं. पुरुषांनी त्या दिवशी चाळीस पेले वाईन प्यायची रीत आहे. नेकुलाय अठरावर होता तेव्हा त्याला कंठ फुटला.

"सोळाच्या सोळा ओळी मातीत," तो म्हणाला. "आणि तू उद्या निघणार. माती कोण काढणार? मी? या खांद्यानं?"

"तिबेरियू पंधराला येतोय. तिकडं वाऱ्यानं क्रेन बंदच आहे. मी त्याला सांगितलंय."

"आणि तोवर?"

"तोवर त्या मातीत निजतील. वेल पंधरा दिवस उशिरा उठली तर काही होत नाही, नेकुलाय. पोर थांबणार नाही."

"हवा बघ जरा. पुढच्या आठवड्यात जा की," तो म्हणाला.

झमफिरानं भाजणीचा ट्रे टेबलावर ठेवला. जोरात नाही. "सत्तावीस वर्षांपूर्वी माझ्या आईला कुणी तरी हेच सांगितलं होतं."

चुलीत लाकूड कडकडलं. तिंका पावाचे अक्रोड वेचून खात होती. तिला दात नव्हते, अक्रोड ती चोखायची. शेवटचा अक्रोड संपवून तिनं विचारलं, "गाडी किती वाजता?"

"पहाटे पाचला."

"पाचला क्रिवत्स असतो. अंगात काय घालणार?"

पहाटे चार वाजता तिंकानं तिला लहान पोरासारखं उभं केलं आणि कपडे चढवले. ब्लाउज, त्यावर स्वेटर, त्यावर दुसरा, सासऱ्याचं जाकीट, शाल आडवी, शाल उभी, आणि सगळ्यांवर तो मेंढीचा कोट. रात्रभर वेलीवर राहून त्याला मातीचा आणि ओल्या मेंढीचा वास येत होता. झमफिराचे हात अंगापासून लांब उभे राहिले.

"आई, तिकडं बावीस आहे."

"तिकडं. वाटेत देश आहे," तिंका म्हणाली.

फोकशानीच्या फलाटावर बर्फाचे कण आडवे उडत होते आणि झमफिराला, कबूल करायचं नसलं तरी, ऊब होती. डब्यात शिरल्यावर मात्र हीटर असा तापलेला की प्लोयेश्टच्या आत कोट आणि दोन्ही शाली गेल्या. बाहेर सपाट मैदानावर पाऊस आणि चिखल. गाडी बदलली, सगळं पुन्हा चढवलं. डोंगरात शिरल्यावर ब्राशोवपर्यंत देवदारांवर फूटभर बर्फ आणि या डब्यातला हीटर मेलेला. कोट अंगावर. सिबिऊच्या पुढं आभाळ फाटलं, ऊन खिडकीतून मांडीवर आलं. कोट गेला. शाल गेली. दुसरी शाल गेली. देवा नावाच्या गावाशी हिरवा गहू दिसला आणि जाकीट गेलं, मग दोन्ही स्वेटर. समोरच्या बाकावर एक जाडजूड बाई उकडलेली अंडी खात हे सगळं बघत होती.

"ताई, तुमचं कपड्यांचं दुकान आहे का?" तिनं विचारलं.

"सासू आहे," झमफिरा म्हणाली.

बाईनं समजून मान हलवली आणि एक अंडं पुढं केलं. "वास कसला येतोय पण?"

"तोही तिचाच."

पश्चिमेच्या बनात मैदानात गाडी उतरली तेव्हा संध्याकाळ होत होती. रुळांकडेच्या बागांत प्लमची झाडं पांढरी झाली होती, बायका बाह्या वर करून वाफे खणत होत्या, पोरं उघड्या डोक्यानं सायकलवर. झमफिरा ब्लाउजवर होती आणि तिच्या शेजारी सीटवर कपड्यांचा ढीग बसला होता, एखाद्या म्हातारीसारखा. चिडायला सुद्धा तिच्यात जोर उरला नव्हता. टिमिशोआराच्या फलाटावर जावई होरात्सियू टी-शर्टात आला. त्यानं तो कोट हाताच्या दोन बोटांनी धरला.

"सासूबाई, हे काय मेलंय?"

"जपून धर. ते माझ्या सासूबाईंचं आहे," झमफिरा म्हणाली.

चौदाला पहाटे इलिंकाच्या कळा सुरू झाल्या. चार दिवस आधी. झमफिरा तिथं होती. तिनं पाठ चोळली, पाणी पाजलं, होरात्सियूला दोनदा बाहेर काढलं आणि दुपारी एक वाजता मुलगी झाली, काळ्या जावळाची, रागीट. झमफिरानं तिला हातात घेतलं तेव्हा खिडकीत मॅग्नोलियाच्या कळ्या उमलायला आल्या होत्या. आता बसून रडायला हरकत नाही, असं तिच्या मनात आलं, पण तेवढ्यात फोन वाजला.

"तिकडं हवा कशी आहे?" तिंकानं विचारलं.

"मुलगी झाली, आई."

"ते नेकुलायनं सांगितलं. हवा कशी आहे?"

"ऊन."

"डोकं झाक तिचं."

मग रोज फोन. पंधराला होरात्सियूनं वसंत आला म्हणून जाहीर केलं आणि घर तापवणारी गॅसची शेगडी बंद करून तिचा भाग दुरुस्तीला नेऊन दिला. सतराला, दोन दिवस उशिरा, तिबेरियू व्रांचात पोचला, तिकडं पाऊस. एकोणीसला वेताकडं पहिल्यांदा शून्याच्या वर, ती थोडी खट्टू होती. बावीसला तिबेरियूनं फोनवरून सोळाही ओळी उठलेल्या दाखवल्या. काळ्या पडलेल्या पाच वेलींवर तिंकानं चिंध्या बांधल्या होत्या, कुणी विसरू नये म्हणून.

तेवीसला झमफिरा उठली तेव्हा खोलीत विचित्र उजेड होता. तिनं पडदा सरकवला. टिमिशोआरात बर्फ पडत होता. मॅग्नोलियाची उमललेली फुलं बर्फानं भरून वाकली होती, मोटारींवर पांढरं, रस्त्यावर पांढरं, आणि घरात शेगडी नव्हती. कोकरांचा बर्फ. होरात्सियू टी-शर्टात, हात चोळत स्वयंपाकघरात फिरत होता आणि म्हणत होता, असं इथं कधी होत नाही. झमफिरानं त्याला ओलांडून कपाटाच्या वरून मेंढीचा कोट ओढला, पाळण्यात अंथरला, लोकर वर करून, आणि नऊ दिवसांच्या पोरीला त्यात ठेवलं. पोरीनं नाक मुरडलं, शिंकली आणि झोपली. दोन शाली इलिंकाला. जाकीट जावयाला. ते त्यानं मुकाट्यानं घातलं, वासासकट.

फोन वाजला.

"हवा कशी आहे?" तिंकानं विचारलं.

झमफिरानं खिडकीबाहेर बघितलं. शेजारच्या घराचं छप्पर दिसेनासं झालं होतं.

"ऊन आहे, आई. लख्ख," ती म्हणाली.

"टीव्हीवर टिमिशोआरात बर्फ दाखवतायत."

"टीव्ही बुखारेस्टमध्ये असतो."

पलीकडं चुलीत लाकूड सरकवल्याचा आवाज आला. तिंका फोन कानाला नीट लावत नसे, ती तो नाकासमोर धरायची. त्यामुळं तिचा श्वास ऐकू यायचा.

"त्या वर्षी इथं एवढाही नव्हता," तिंका म्हणाली. "दुपारी वितळला."

झमफिरानं पाळण्यातल्या कोटाची कड सारखी केली.

"तुझी आई तुला घेऊन गेली असती. पोरीसकट. तू तेव्हा रोज नदीच्या, माहेराच्या दिशेला बघायचीस. आणि परत आली नसतीस."

सत्तावीस वर्षं. आणि हे सांगायला हिला आजचा दिवस सापडला, जेव्हा बाळाचं दूध गरम व्हायचंय, शेगडी दुरुस्तीला गेलीय, जावई स्वयंपाकघरात मेंढीच्या वासानं शिंकतोय आणि फोनमधून नेकुलाय मागून विचारतोय की मिठाचा डबा कुठं आहे.

"नसते आले," झमफिरा म्हणाली. तिला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, ते खरं होतं की नाही. "मीठ खिडकीवर आहे, त्याला सांगा. निळ्या डब्यात."

"कोट बाळाला घातलास का?"

"ऊन आहे म्हटलं ना."

"लोकर वर करून घाल," तिंका म्हणाली. "आणि करकोच्यांचा बर्फ अजून यायचाय, तेव्हा लगेच निघू नको."